बाड विल्डबाड : स्थलदर्शन आणि रानवाटा

बाड विल्डबाड हे जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातले, ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर भागातले ऊन पाण्याच्या झऱ्यांचे जुने गाव. लोकवस्ती सुमारे दहा हजार. एन्झ नदीच्या अरुंद खोऱ्यात ते लांबट पसरले आहे. नदी, एक रस्ता आणि घरांची एक-दोन ओळ एवढीच काय ती सपाटी, पुढे लगेच फर आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलाचा चढ सुरू होतो. म्हणून इथले पर्यटन खाली पाण्याचे आणि वर रानाचे अशा दोन मजल्यांवर चालते. खालचा मजला कित्येक शतके जुना आहे, तर वरचा आजच्या रूपात बराचसा गेल्या दहा-पंधरा वर्षांत घडला.

नावातच स्नान दोनदा आले आहे. जर्मन भाषेत ‘बाड’ म्हणजे स्नान. मान्यताप्राप्त आरोग्यस्थानांना नावापुढे ते बिरूद लावता येते. ‘विल्डबाड’ म्हणजे रानातले स्नान. चुलीवर तापवावे लागत नाही, जमिनीतूनच ऊन होऊन येते, अशा पाण्याला मध्ययुगात हा शब्द होता. पावसाचे पाणी तांबड्या वालुकाश्मातून झिरपत खालच्या ग्रॅनाइटपर्यंत पोहोचते, खोलवर तापते आणि भेगांमधून वर येते. त्याचे तापमान ३५ ते ४१ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण अंगाच्या उष्णतेइतकेच. आपल्याकडे उन्हवऱ्याच्या कुंडाजवळ गेले की आधी गंधकाचा वास येतो आणि पाण्यात पाय टाकायला धीर लागतो. इथे तसे काहीच नाही. पाण्यात क्षार फार थोडे, वास जवळजवळ नाही, आणि तापवणे-निववणे यांतले काहीच न करता त्यात उतरता येते. पूर्वी तर हौद थेट झऱ्यांवरच बांधलेले असत. तळाशी वाळू पसरलेली असे आणि त्या वाळूतून ऊन पाणी बुडबुडत अंगाला लागे. विल्डबाडची कीर्ती झाली ती या सुखामुळे, असे मला वाटते. राजघराण्यांचे येणे-जाणे नंतरचे.

झऱ्याचा शोध कसा लागला याची दंतकथा शिकाऱ्यांची आहे. घायाळ झालेले एक रानडुक्कर कपारीतल्या पाण्यात जखम धूत होते, त्याचा माग काढत शिकारी तिथे पोहोचले, अशी ती सांगतात. इतिहासातली ठळक घटना १३६७ सालची. व्युर्टेंबर्गचा काउंट दुसरा एबरहार्ड इथे स्नानासाठी आला असता वैरी सरदारांनी गावावर अचानक हल्ला केला. काउंट निसटला. एका गुराख्याने त्याला पाठुंगळी घेऊन डोंगरापलीकडे नेले, असे लोककथेत आहे. गावातल्या जुन्या स्नानगृहाला पुढे याच काउंटचे नाव मिळाले.

हे स्नानगृह म्हणजे आजचे ‘पाले थर्माल’. इमारत १८४७ मध्ये पूर्ण झाली. बाहेरून ती वालुकाश्माची भारदस्त वास्तू दिसते, आत मात्र मूरिश म्हणजे स्पेन-उत्तर आफ्रिकेतल्या अरबी धाटणीचे दालन आहे: नालाकृती कमानी, रंगीत फरशा, वरून झिरपणारा उजेड. छोट्या-छोट्या जुन्या हौदांमधून एकातून दुसऱ्यात जाताना राजवाड्यात न्हायला आल्यासारखे वाटते. गावात एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ही पाहावी. एक सूचना भारतीय पाहुण्यांसाठी. सॉना विभागात जर्मन रिवाजाप्रमाणे स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसतात. तिथे पोहण्याचे कपडे चालत नाहीत, तेव्हा आधीच ठरवून जावे. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी गावात दुसरे आधुनिक स्नानगृह आहे.

स्नानाइतकेच चालणेही उपचाराचा भाग मानले जाई, म्हणून कुरपार्क म्हणजे आरोग्य-उद्यान एन्झच्या दोन्ही तीरांनी लांबवर गेले आहे. जुने वृक्ष, पादचारी पूल, झऱ्याचे पाणी पिण्यासाठी १९३३ मध्ये बांधलेला मंडप आणि एकोणिसाव्या शतकातले छोटेसे दरबारी नाट्यगृह हे सारे तिथेच आहे. कवी युस्टिनुस केर्नर १८११ च्या सुमारास इथे वैद्य होता आणि त्याने इथल्या झऱ्यांवर पुस्तकही लिहिले. इटालियन संगीतकार रोसिनी १८५६ मध्ये उपचारासाठी राहून गेला. ती आठवण धरून १९८९ पासून गावात त्याच्या ऑपेरांचा वार्षिक महोत्सव भरतो, आणि एरवी क्वचितच रंगमंचावर येणाऱ्या त्याच्या रचना ऐकायला जाणकार मुद्दाम या खोऱ्यात येतात. १८६८ मध्ये फोर्ट्सहाइमहून रेल्वे आली, तेव्हा पाहुण्यांचा ओघ आणखी वाढला. आज त्याच मार्गावरची हलकी रेल्वे ट्रामसारखी भर गावातून थेट कुरपार्कपर्यंत जाते. जर्मन आरोग्यस्थानांचा लौकिक त्या काळी मुंबईपर्यंत पोहोचला होता. जमशेटजी टाटांचे १९०४ मध्ये निधन झाले ते अशाच एका गावी, बाड नाउहाइम इथे.

पुढे दिवस पालटले. डॉक्टरांनी लिहून द्यायचे, विमा निधीने खर्च उचलायचा आणि रुग्णाने तीन-चार आठवडे आरोग्यस्थानी राहायचे, ही जर्मन पद्धत १९९० च्या दशकातल्या आरोग्य-सुधारणांनी आखडली. अशा सगळ्याच गावांचे पाहुणे घटले. विल्डबाडच्या वरच्या मजल्याला आलेला बहर याच्याशी जोडूनच समजून घ्यायला हवा.

वर जायचे ते झोमरबर्गबानने. वणीच्या सप्तशृंगी गडावर आहे तशी ही फ्युनिक्युलर रेल्वे, मात्र १९०८ सालची. २०११ मध्ये तिचे नवे डबे आले. काही मिनिटांत ती सुमारे तीनशे मीटर चढून झोमरबर्गच्या माथ्यावर सोडते. डब्यात एका बाजूला काठ्या टेकून बसलेले आजी-आजोबा आणि दुसऱ्या बाजूला चिखलाने माखलेल्या सायकली घेतलेली पोरे असे दृश्य नेहमीचे. सायकली डोंगरउतारावरच्या बाइकपार्कसाठी असतात. तिथल्या वाटा मुळांच्या, खडकांच्या आणि भलत्याच उभ्या आहेत. सरावलेल्यांनीच त्या वाटेला जावे. बाकीच्यांसाठी एन्झच्या काठाकाठाने नेकार नदीपर्यंत जाणारा सायकलमार्ग आहे आणि तो मनापासून सुचवावा असा आहे.

माथ्यावरचा ‘वृक्षशेंड्यांचा मार्ग’ २०१४ मध्ये खुला झाला. लाकडी खांबांवर उभारलेला हा १,२५० मीटर लांबीचा पूल जमिनीपासून सुमारे वीस मीटर उंचीवरून झाडांच्या माथ्यांमधून जातो आणि चाळीस मीटर उंच मनोऱ्याशी संपतो. चढ इतका सौम्य की चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी सहज जाते. दम्यामुळे किंवा गुडघ्यांमुळे जंगल दुरावलेल्या माणसाला शेंड्यावरचे शंकू हाताच्या अंतरावर पाहता येतात, हे या पुलाचे खरे मोल. उतरताना मनोऱ्यातून ५५ मीटर लांबीची घसरगुंडीही आहे. जवळच २०१८ मध्ये ‘वाइल्डलाइन’ हा झुलता पूल झाला: लांबी ३८० मीटर, खालच्या घळीपासूनची उंची साठ मीटरपर्यंत. पायाखाली जाळी असल्याने खोली सतत दिसत राहते. उंचीची भीती असणाऱ्यांनी इथे विचार करावा.

गर्दी या दोन पुलांपाशीच थांबते. पुढे रानवाटेने दीडेक तास चालले की ग्र्युनह्युट्टे ही वनकुटी लागते. रानातल्या ब्लूबेरीच्या जातीची जांभळी फळे घालून केलेले धिरडे हे तिचे वैशिष्ट्य. ते खाऊन झाल्यावर आरशात पाहिले तर जीभ आणि ओठ निळेजांभळे झालेले असतात.

त्याच वाटेने पुढे कालटेनब्रोनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर, विल्डझेची दलदल आहे. हिमयुग सरल्यापासून स्फॅग्नम शेवाळ एकावर एक कुजत-साचत जाऊन इथे पीटचा कित्येक मीटर जाड थर बनला आहे. असा एक मीटर थर साचायला साधारण हजार वर्षे लागतात, म्हणून फळ्यांच्या वाटेवरून पाय खाली ठेवायला सक्त मनाई आहे. वाकून पाहिले तर शेवाळात तांबूस, चिकट थेंबांचे बारके दवबिंदू दिसतात. कासच्या पठारावर सापडणाऱ्या कीटकभक्षी दवबिंदूंची ही भावंडे. पाइनची झाडे मात्र खुरटलेली, कारण या आम्ल जमिनीत पोषण नाही. मधोमध तळे आहे. त्याचे पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी आणि वारा नसेल तेव्हा अगदी निश्चल. कालटेनब्रोन ही पूर्वी बाडेनच्या ग्रँड ड्यूकांची शिकारीची जागा होती. ऑअरहान हा मोठा रानकोंबडा टिपायला जर्मन सम्राट कैसर दुसरा विल्हेल्मही येत असे.

जंगल सगळीकडे सारखे दाट नाही. २६ डिसेंबर १९९९ च्या ‘लोथार’ वादळाने उत्तर ब्लॅक फॉरेस्टमधले उतारच्या उतार भुईसपाट केले. तिथली झाडे अजून तरुण दिसतात. त्याआधी कित्येक शतके इथले सर्वांत उंच फर वृक्ष तोडून, त्यांचे तराफे बांधून एन्झमधून नेकारमध्ये, तिथून ऱ्हाइनने हॉलंडला जहाजबांधणीसाठी नेत असत.

हाताशी आणखी एखादा दिवस असेल तर पूर्वेकडच्या नागोल्ड खोऱ्यात काल्व हे कादंबरीकार हेर्मान हेसेचे जन्मगाव आणि शेजारी १६९२ मध्ये फ्रेंच फौजांनी जाळलेल्या हिर्साउ मठाचे अवशेष पाहता येतात. विल्डझेसाठी मे ते ऑक्टोबर हे महिने चांगले. हिवाळ्यात कालटेनब्रोनवर बर्फ पडले की दलदलीभोवतीच्या वाटांवर लांब पल्ल्याच्या स्कीचे माग उमटतात, आणि दिवसभर गारठलेली मंडळी संध्याकाळी फ्युनिक्युलरने उतरून ऊन पाण्यात शिरतात.