महिला स्टडी क्लब आणि त्यांचं दप्तर (अमेरिका)

महिला स्टडी क्लब म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या गावोगावच्या बायकांनी आपणहून काढलेली अभ्यासमंडळं. कॉलेजात जायची संधी बहुतेकींना मिळालेलीच नव्हती, मग वीस-पंचवीस जणींनी मिळून वर्षाचा विषय ठरवायचा, शेक्सपिअर म्हणा नाहीतर इटलीची चित्रकला, आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला कुणाच्या तरी घरी जमून एकीने स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. हजेरीला नुसतं 'हजर' न म्हणता एखादं अवतरण म्हणायची पद्धतही बऱ्याच क्लबांत होती.

लेखिका मार्गारेट फुलर यांनी १८३९ पासून बॉस्टनमध्ये बायकांसाठी चर्चासभा चालवल्या, ती याची आधीची पायरी. पण जोर आला १८६८ मध्ये. चार्ल्स डिकन्सच्या सन्मानार्थ न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी मेजवानी ठेवली आणि महिला पत्रकारांना बाहेर ठेवलं, त्यावरून जेन कनिंगहॅम क्रोली यांनी 'सोरोसिस' हा बायकांचा क्लब काढला, त्याच वर्षी बॉस्टनलाही 'न्यू इंग्लंड विमेन्स क्लब' निघाला. १८९० मध्ये या क्लबांचा देशपातळीवरचा संघ, म्हणजे जनरल फेडरेशन, झाला आणि पुढे लहान लहान गावांतले क्लबही त्याला जोडले गेले.

या इतिहासातली लाजिरवाणी बाजू पण सांगायलाच हवी. १९०० मध्ये मिलवॉकीला भरलेल्या जनरल फेडरेशनच्या अधिवेशनात जोसेफिन सेंट पियरे रफिन यांना त्यांच्या कृष्णवर्णीय महिलांच्या क्लबची प्रतिनिधी म्हणून बसू दिलं नाही. कृष्णवर्णीय बायकांनी १८९६ मध्येच आपली वेगळी राष्ट्रीय संघटना उभी केली होती, मेरी चर्च टेरेल तिच्या पहिल्या अध्यक्ष.

अभ्यासातनं हळूहळू गावाचं काम सुरू झालं. वाचायला पुस्तकं हवीत म्हणून आधी क्लबचं कपाट, मग गावासाठी वाचनालय, अनेक ठिकाणी सार्वजनिक लायब्ररीची सुरुवात अशीच झालीय. लायब्रऱ्यांना पैसे देणारे उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचं अनुदान इमारतीपुरतं असायचं, जागा आणि दरवर्षीचा खर्च गावाने द्यायचा अशी अट होती, त्यासाठी नगरपालिकेच्या मागे लागणाऱ्या बऱ्याचदा याच बायका.

आता दप्तराबद्दल, आणि माझ्या मते खरा खजिना तिथेच आहे. एखाद्या क्लबचा संग्रह अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या अभिलेखागारात, येतो तेव्हा त्यात साधारणपणे मिनिट बुकं (सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या), खजिनदाराच्या वह्या, घटना आणि नियम, पत्रव्यवहार, कात्रणांची स्क्रॅपबुकं आणि छापलेली छोटी इयरबुकं असतात. इयरबुकात वर्षभराच्या सभांच्या तारखा, विषय, निबंध कोण वाचणार, सभा कुणाच्या घरी, सगळं. ही इयरबुकं ओळीने लावली की त्या गावातल्या बायका कधी काय वाचत होत्या, युद्धाच्या वर्षांत विषय कसे बदलले, हे दिसत जातं. मूळ निबंध मात्र फार कमी टिकलेत, ते लिहिणारीच्या घरीच राहायचे, आणि ही हळहळ वाटण्यासारखीच गोष्ट आहे कारण या बायकांनी अभ्यास करून स्वतःचं मत मांडलं ते त्या कागदांवर.

स्क्रॅपबुकं सांभाळणं सगळ्यात अवघड. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो, डिंक शेजारच्या पानाला चिकटतो, टाचण्या गंजतात. म्हणून टाचण्या काढून कागद आम्लविरहित फोल्डरमध्ये ठेवतात आणि पानं हाताळण्याआधी फोटो घेतात किंवा स्कॅन करतात.

दुसरी अडचण नावांची. नोंदी जुन्या रीतीप्रमाणे नवऱ्याच्या नावाने, 'मिसेस' आणि पुढे त्याचं पूर्ण नाव, त्यामुळे चाळीस वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या बाईचं स्वतःचं नाव अख्ख्या वहीत सापडत नाही असंही होऊ शकतं. त्यात नवरा वारल्यावर किंवा दुसरं लग्न झाल्यावर नोंद बदलते आणि एकच बाई दोन वाटतात. मग जनगणनेची पानं, शहराची डिरेक्टरी, मृत्यूच्या बातम्या आणि थडग्यावरचे लेख ताडून पाहावे लागतात, आणि चांगल्या अर्काइव्हच्या सूचीत मिळालेलं नाव नवऱ्याच्या नावाशेजारी लिहून ठेवतात.