बास मासेमारीचे साहित्य (पुणे परिसर)

बास मासेमारीचे साहित्य : उत्तर अमेरिकेतील बास या शिकारी माशासाठी घडत गेलेला रॉड, रीळ, दोरा, गळ आणि कृत्रिम आमिषे यांचा संच. पुण्यात दुकानांत किंवा ऑनलाइन मिळणारे परदेशी बनावटीचे पुष्कळसे साहित्य याच माशाला डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असते. बास मात्र मुळा-मुठेचा मासा नाही. पवना, इंद्रायणी किंवा भीमेचाही नाही. म्हणून पुण्याच्या गळकऱ्याने ‘बाससाठी उत्तम काय’ असे विचारण्यापेक्षा आपण कोणत्या पाण्यावर आणि कोणत्या माशासाठी बसणार आहोत ते आधी ठरवावे आणि मग खरेदीला निघावे. हा क्रम उलटला की महागडा रॉड माळ्यावर जातो.

नावाचाही घोटाळा होतो. हॉटेलच्या मेन्यूकार्डावरचा ‘बासा’ हा पंगस जातीचा मासा आहे. ‘सी बास’ म्हणून विकला जातो तो बहुधा आपला जिताडा, खाडीचा मासा. या नोंदीत अभिप्रेत असलेला बास गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा आहे आणि वरच्या दोघांशी त्याचे जवळचे नाते नाही.

मासा आणि त्याने घडवलेली हत्यारे

बास दबा धरून बसतो. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला थांबायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालायची, ही त्याची रीत. या माशाचा विक्रम १९३२ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांच्या नावावर लागला : २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १०.१ किलो. जपानमधील बिवा सरोवरात २००९ साली मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. जपानने हा मासा १९२५ मध्ये बाहेरून आणला होता. तिथल्या स्थानिक माशांची त्याने इतकी हानी केली की पुढे त्याला उपद्रवी परकी जात ठरवून कायद्याने बंधने घालावी लागली. हौसेखातर परका शिकारी मासा आपल्या तळ्यात सोडण्याचा विचारही कोणी करू नये, यासाठी हे एक उदाहरण पुरेसे आहे.

या एका माशापायी साहित्यात किती शोध लागले! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दातेरी चाकांचे रीळ बनवले. मूठ एकदा फिरवली की त्याची दोरा गुंडाळलेली फिरकी अनेक वेळा फिरे. आजचे बेटकास्टर रीळ त्याच वंशातले. १९४९ मध्ये निक क्रीम यांनी प्लास्टिकचा मऊ गांडूळ तयार केला. पुढे त्याला ‘टेक्सास रिग’ची जोड मिळाली. यात गळाचे टोक मऊ आमिषाच्या अंगातच लपवतात, त्यामुळे ते वनस्पतींत अडकत नाही. १९६७ साली रे स्कॉट यांनी आर्कान्सामधील बीव्हर तलावावर स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी बासच्या गळकऱ्यांची संघटना उभी केली. त्यानंतर या साहित्याला प्रचंड बाजारपेठ लाभली.

सर्वांत सोपे स्पिनिंग रीळ मात्र वेगळ्या वाटेने आले. त्याचे पेटंट १९०५ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी घेतले. त्यात फेक करताना फिरकी जागेवर स्थिर राहते आणि दोरा तिच्या कडेवरून सुटत जातो. बेटकास्टरमध्ये फिरकीच फिरते. अंगठ्याने ती वेळेवर आवरली नाही तर दोऱ्याचे घरटे होते. नवख्याने स्पिनिंगच घ्यावे.

मरळ : या साहित्याचा आपल्याकडचा खरा धनी

बासचे साहित्य पुणे परिसरात जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते ते मरळीला. नात्याने दोन्ही मासे दूरचे, पण स्वभाव मिळताजुळता. मरळही उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात दडून बसते. शेततळी, गावतळी, पाझर तलाव, धरणाच्या फुगवट्याचे शांत कोपरे आणि जलपर्णीच्या कडा या तिच्या आवडत्या जागा. तिला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो. ती मधूनमधून वर येऊन हवा गिळते, पाण्यावर एक गोल उमटतो आणि जाणता गळकरी तीच जागा मनात धरतो.

अशा ठिकाणी पोकळ रबरी बेडूक हे सर्वांत कामाचे आमिष. त्याच्या पाठीला चिकटून दोन गळ वर तोंड करून असतात. जलपर्णीवरून ओढत नेला तरी तो अडकत नाही. माशाने चावा घेतला की रबर दबते आणि गळ उघडे पडतात. साडेसहा ते सात फुटांचा, ‘मीडियम हेवी’ ताकदीचा आणि फक्त शेंड्याला वाकणारा रॉड यासाठी योग्य. दोरा विणलेला, म्हणजे ब्रेड, ३० ते ५० पौंडांची ओढ सोसणारा असावा. एवढा मजबूत दोरा माशाच्या वजनासाठी लागत नाही. मरळ क्वचितच तेवढी मोठी मिळते. तो लागतो वनस्पतींसाठी, कारण गळाला लागताच ती मुळांत घुसते आणि मासा व किलोभर जलपर्णी एकदम ओढावी लागते. तिचे दात लक्षात घेऊन पुढे हातभर जाड तंगूस (नायलॉनचा धागा) जोडावा.

बेडकाभोवती पाणी फुटले की हात आपोआप हिसडा मारतो आणि इथेच बहुतेक मासे सुटतात. चावा दिसल्यावर श्वासभर थांबावे, दोरा ताणला गेल्याचे जाणवू द्यावे आणि मग हिसडावे.

मरळीची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते. पावसाळ्याच्या सुमारास तांबूस पिल्लांचा घोळका पृष्ठभागावर खळबळताना दिसतो आणि त्याच्याखाली आई-बाप असतात. त्या वेळी ते समोर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तुटून पडतात, त्यामुळे त्यांना पकडणे फार सोपे असते. पण राखण गेली की सगळी पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. असा घोळका दिसला तर बेडूक गुंडाळून पुढच्या तळ्याकडे निघावे.

रॉड व दोरा

रॉडवर दोन गोष्टी छापलेल्या असतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. ‘पॉवर’ म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ‘ॲक्शन’ म्हणजे तो कुठून वाकतो : फास्ट असेल तर शेंड्याजवळून, स्लो असेल तर थेट मुठीच्या दिशेने. शेजारीच आमिषाचे वजन व दोऱ्याची ताकद यांच्या मर्यादा दिलेल्या असतात. दुकानदाराच्या शब्दापेक्षा त्यांवर विश्वास ठेवावा.

दोऱ्याचे तीन प्रकार. नायलॉनचा एकेरी धागा म्हणजे आपला तंगूस. तो ताणला जातो, त्यामुळे धक्का सोसतो. पण तो पाणी शोषतो आणि उन्हाने कमजोर होतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडून राहिलेला तंगूस पुढच्या हंगामात वापरू नये. ब्रेड जवळजवळ ताणत नाही, म्हणून दूरचा हलका चावाही हाताला कळतो. फ्लुरोकार्बन बुडतो, घासाला टिकतो आणि पाण्यात कमी दिसतो, कारण त्याचा अपवर्तनांक नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळ आहे. त्याचा लीडर, म्हणजे गळाजवळ जोडायचा तुकडा, स्वच्छ पाण्यावर उपयोगी, गढूळ पाण्यात मात्र त्याच्यावर पैसे घालवण्याची गरज नाही. ‘१० पौंड’ म्हणजे सुमारे साडेचार किलोच्या ओढीला तुटणारा दोरा. गाठ या ताकदीतून काही भाग खाते, म्हणून आवळण्यापूर्वी ती ओली करावी. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरा सुटू देणारा ब्रेक, दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर सुटेल असा लावतात.

जिथे हे साहित्य कमी पडते

कटला, रोहू आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. आपल्या धरणांत त्यांचे बीज सोडले जाते. ते झडप घालत नाहीत; चोखत, चाचपत खातात. त्यांच्यापुढे रबरी बेडूक नाचवून उपयोग नाही. कणीक, शेंगदाण्याची पेंड, भाताचा गोळा यांनी जागा बांधायची, म्हणजे एकाच ठिकाणी चारा टाकून मासे जमवायचे, घंटी रॉडला लावायची आणि वाट पाहायची. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्यानुसार तरंगा किंवा शिसे ठरवावे. आठ-दहा फुटांचा, अंगभर वाकणारा रॉड आणि १२ ते २० पौंडांचा तंगूस इथे बरा. बासचा ताठ रॉड व न ताणणारा ब्रेड वापरला तर मोठा कटला गळ ओठातून फाडून जातो.

उजनीच्या फुगवट्यात, भिगवणच्या बाजूला चिलापी भरपूर. तिच्यासाठी हलका रॉड, चार ते सहा पौंडांचा तंगूस, आठ किंवा दहा नंबरचा गळ आणि गांडूळ एवढे पुरते. (गळाचा नंबर वाढतो तसा तो लहान होतो, पण १/०, २/० अशी गणना सुरू झाली की उलट मोठा होत जातो.) मुलांना गळ टाकायला शिकवायचे तर याच माशापासून सुरुवात करावी.

महाशीर हा मात्र स्वतंत्र विषय आहे. दख्खनी महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रथम केले, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून. मराठी माणसे त्याला ‘खुद्री’ म्हणत आणि तोच शब्द त्यांनी लॅटिन नावात ठेवला. आज जगभरातले मत्स्यशास्त्रज्ञ टॉर खुद्री लिहितात तेव्हा आपल्या नदीकाठचा शब्द लिहीत असतात, याचे या नोंदकर्त्याला अप्रूप वाटते. लोणावळ्याच्या टाटांच्या तलावावर या माशाची बीजपैदास १९७० च्या दशकात सुरू झाली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्या कामामुळे तिथले बीज देशातल्या दूरदूरच्या नद्यांत पोचले. महाशीराच्या जबड्याची पकड जबरदस्त असते. बासच्या आमिषांवरचे बारीक तीनटोकी गळ तो सरळ करून टाकतो, म्हणून ते काढून जाड एकेरी गळ लावतात. गळाची काटेरी नांगी पक्कडीने दाबून टाकावी, म्हणजे मासा सोडताना इजा होत नाही. हात ओले करून, शक्यतो पाण्यातच, माशाला मोकळे करावे. महाशीर पाटीत घालून घरी नेण्याचा मासा नव्हे.

काठावरचे नियम

पुणे जिल्ह्यातील अनेक धरणांत मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय खात्याकडून सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. तिथे त्या संस्थेची परवानगी घ्यावी. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांना विचारणे हे शिष्टाचारातही बसते. खडकवासल्याच्या काठाचा काही भाग संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीत येतो आणि ते शहराच्या पिण्याचे पाणी आहे. धरणाखालच्या नदीपात्रात विसर्गाचा भोंगा वाजला की साहित्य सोडून आधी वर यावे. देहू-आळंदीसारख्या तीर्थांच्या डोहांवर गळ टाकू नये.

कार्बनचा रॉड वीजवाहक असतो. वळवाच्या पावसात आभाळ गडगडू लागताच तो खाली ठेवावा. विजेच्या तारांखालून रॉड उभा धरून जाऊ नये.

तुटलेला तंगूस काठावर टाकला तर तो पक्ष्यांच्या पायांत गुंडाळतो. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकांचे थवे उतरतात त्या चिखलात शिशाची वजनेही पडून राहता कामा नयेत. पक्षी खड्यांबरोबर ती गिळतात आणि विषबाधेने मरतात. याच कारणावरून ब्रिटनने १९८७ मध्ये शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी घातली. लोखंड किंवा टंगस्टनची वजने मिळतात. टंगस्टन महाग असले तरी शिशापेक्षा जड असल्याने त्याच वजनाचा तुकडा आकाराने लहान असतो आणि तळातल्या दगडांत कमी अडकतो. साध्या लोखंडी नटनेही काम भागते.