ट्रेलर ठरवण्याआधी ट्रकच्या दारावरचा स्टिकर वाचावा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरांतून आमच्या दुकानात हिच (ट्रकला ट्रेलर जोडण्याची यंत्रणा) आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून लावणारे उपकरण) बसवून घेण्यासाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे, आणि त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "आमचा पिकअप ट्रक अकरा हजार पाउंड ओढतो आणि ट्रेलर जेमतेम सात हजारांचा आहे, मग हिच लावून द्यायला तुम्ही का थांबता?" हा प्रश्न बहुधा शुक्रवारी दुपारी येतो. तोवर ट्रेलरची, म्हणजे मागे ओढायच्या फिरत्या घराची, रक्कम भरलेली असते, कोलोरॅडोतील कॅम्पग्राउंडचे आरक्षण झालेले असते आणि मुले गाडीत बसून वाट पाहत असतात. अशा वेळी हिशेब समजावून सांगणे दोन्ही बाजूंना जड जाते, म्हणून तो येथे सविस्तर लिहून देत आहोत. हे पत्रक ट्रेलर घेण्याआधी वाचले, तर त्याचा सर्वाधिक उपयोग होईल.

जाहिरातीतील टोइंग (ट्रेलर ओढण्याच्या) क्षमतेचा आकडा खोटा नसतो, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ही क्षमता मोजण्याचे एसएई जे२८०७ हे मानक स्वीकारले आणि पुढे इतर मोठ्या उत्पादकांनीही ते मान्य केले. या मानकानुसार ट्रकला ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा सुमारे ११.४ मैलांचा चढ कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरावीक किमान वेग राखत चढून दाखवावा लागतो. मात्र त्या ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पाउंडांची दोनच माणसे धरलेली असतात आणि हिचचे थोडे साहित्य सोडल्यास मागच्या हौद्यात काही नसते. तसेच ट्रेलरच्या वजनाचा दहाच टक्के भार हिचवर येतो असे मानलेले असते. थोडक्यात, हा आकडा इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंग यांची ताकद सांगतो. आपले कुटुंब आणि आपले सामान त्यात नाही.

आपल्या कामाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, टायरची माहिती देणाऱ्या स्टिकरवर असतो. माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक पाउंडांपेक्षा कधीही जास्त होता कामा नये, असे वाक्य त्यावर छापलेले असते. हाच त्या ट्रकचा पेलोड. तो मॉडेलनुसार नव्हे, तर प्रत्येक ट्रकनुसार वेगळा असतो. एकाच वर्षाच्या, एकाच इंजिनाच्या दोन ट्रकांमध्ये ज्याला मोठे काचेचे छत, विजेवर सरकणाऱ्या आसनांसारख्या सोयी आणि फोर-व्हील ड्राइव्ह आहे, त्याचा पेलोड कित्येकदा काही शे पाउंडांनी कमी निघतो. त्यामुळे मित्राच्या ट्रकचा आकडा किंवा इंटरनेटवर सापडलेला आकडा येथे चालत नाही. ट्रेलरचा जो भार हिचवर दाबून बसतो, म्हणजे टंग वेट, तोही याच पेलोडमधून वजा होतो. नेमकी हीच गोष्ट आमच्या ग्राहकांच्या नजरेतून सर्वाधिक वेळा निसटते.

एक हिशेब करून पाहू. समजा, स्टिकरवर १,४८० पाउंड लिहिले आहे. अर्ध्या टनाच्या (हे पिकअपच्या हलक्या वर्गाचे केवळ नाव), चार दारांच्या आणि भरपूर सोयी असलेल्या ट्रकसाठी हा आकडा अजिबात विरळा नाही. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले आहेत आणि ट्रकमध्ये पती, पत्नी, एक मूल आणि ते दोघे असे पाच जण बसणार आहेत. त्यांचे मिळून ६५० पाउंड धरू. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे, म्हणजे भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवर वाटून देणाऱ्या हिचचे, स्वतःचे वजन ९० पाउंड. हौद्यावरचे झाकण, बर्फपेटी, छोटा जनरेटर, सरपण आणि खुर्च्या यांचे २१० पाउंड. एकूण ९५० झाले आणि शिल्लक उरले ५३०. आता ट्रेलर पाहू. त्याच्या पत्रकात रिकामे वजन ६,००० आणि टंग वेट ६५० छापलेले असले, तरी पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणे आणि किराणा भरल्यावर तो ७,२०० पर्यंत सहज जातो, आणि साडेबारा टक्क्यांनी त्याचे टंग वेट ९०० होते. म्हणजे अकरा हजार पाउंड ओढू शकणारा हा ट्रक सात हजारांच्या ट्रेलरमागे ३७० पाउंडांनी अपुरा पडला.

हाच हिशेब उलट्या बाजूने केला, तर खरेदीला उपयोगी पडतो. माणसे, हिच आणि सामान वजा करून उरलेल्या पेलोडला ०.१३ ने भागावे (टंग वेट भरलेल्या ट्रेलरच्या सुमारे तेरा टक्के धरून). येणारे उत्तर म्हणजे प्रवासाला सज्ज झालेल्या, भरलेल्या ट्रेलरचे आपल्याला झेपणारे वजन. वरच्या उदाहरणात ते ४,००० पाउंडांच्या आसपास येते. आई-बाबा दुसऱ्या गाडीने येणार असतील, तर तोच ट्रक सुमारे ६,२०० पाउंडांचा ट्रेलर घेऊ शकतो. आमच्या काही ग्राहकांनी मोठा ट्रक घेण्याऐवजी हाच मार्ग निवडला, आणि वडीलधाऱ्यांनाही वेगळ्या गाडीत अधिक आराम मिळतो. मात्र उत्तर काहीही आले, तरी वाहन पुस्तिकेतील टोइंग क्षमता, मागच्या ॲक्सलची मर्यादा आणि रिसीव्हरची (ट्रकखालच्या, हिच ज्यात बसते त्या चौकोनी नळीची) मर्यादा यांपैकी सर्वांत लहान आकडाच अखेर लागू होतो. रिसीव्हरवरच्या लेबलवर साध्या जोडणीसाठी एक आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिचसाठी दुसरा, असे दोन आकडे असतात, आणि त्यांत मोठी तफावत असू शकते.

ट्रेलरच्या पत्रकातील रिकाम्या वजनावर विसंबून राहू नये. ४० गॅलन पाणी भरले, तर तेवढ्यानेच जवळजवळ ३३४ पाउंड वाढतात. गॅसची दोन भरलेली लहान सिलिंडरे सुमारे ७५ पाउंडांची असतात, आणि ती ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी असल्यामुळे त्यांचा बराचसा भार थेट हिचवर येतो. म्हणून ट्रेलरच्या बाहेरील लेबलवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून होऊ शकणारे कमाल वजन, हाच आकडा धरून हिशेब करावा असे आम्ही सांगतो. काही ग्राहकांना हे फार सावधपणाचे वाटते. आमचा अनुभव असा की पहिल्या वर्षी अर्धा रिकामा असलेला ट्रेलर दुसऱ्या वर्षी हमखास भरलेला असतो.

आता सर्वांत धोकादायक तोडग्याविषयी. टंग वेट जास्त येते असे कळल्यावर जड सामान ट्रेलरच्या मागच्या भागात सरकवून ते कमी करण्याचा मोह होतो. असे कृपया कधीही करू नये. मागे जास्त ओझे भरून उलाळ झालेली बैलगाडी जशी जू उचलून धरते, तसाच मागे जड झालेला ट्रेलर हिचला वर ओढतो, आणि टंग वेट दहा टक्क्यांच्या खाली गेले की वेगात तो डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. शेजारून गेलेला मोठा ट्रक किंवा वाऱ्याचा एक झोत एवढे निमित्त त्याला पुरते. हेलकावे सुरू झालेच, तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नये आणि वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि ब्रेक कंट्रोलरच्या हाताच्या खटक्याने केवळ ट्रेलरचे ब्रेक लावावेत. हा खटका कोठे आहे, हे ट्रक चालवणाऱ्या प्रत्येकाला न पाहता सापडले पाहिजे, म्हणून ट्रक ताब्यात देताना आम्ही पती-पत्नी दोघांकडूनही त्याचा सराव करून घेतो.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच आम्ही विकतो आणि तिची आवर्जून शिफारस करतो, पण ती काय करते आणि काय करत नाही हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. हिचवरचा भार मागच्या ॲक्सलच्याही मागे पडत असल्यामुळे ट्रकचे नाक वर उचलले जाते, पुढच्या चाकांवरचे वजन घटते आणि स्टिअरिंग हलके लागते. या हिचचे स्प्रिंग बार (भार वाटून देणारे दांडे) नीट ताणले की पुढच्या चाकांवरून गेलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो आणि थोडा भार ट्रेलरच्या ॲक्सलवरही जातो. परंतु दारावरच्या स्टिकरवरील आकडा त्यामुळे वाढत नाही. मागच्या स्प्रिंगला जोडायच्या एअरबॅगचेही तसेच आहे. ट्रकची मागची बाजू खाली बसलेली दिसत नाही, म्हणून ओझे कमी झाले असा समज होतो. ॲक्सल, चाके आणि टायर मात्र तेच असतात. पेलोड शिल्लक असेल तरच आम्ही एअरबॅग बसवून देतो.

पेलोड खरोखरच अपुरा असेल, तर त्यावरच्या वर्गाचा, पाऊण टनाचा ट्रक हा योग्य मार्ग आहे. मात्र तेथेही स्टिकर वाचावाच लागतो, कारण डिझेल इंजिन स्वतःच जड असते आणि जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पाउंडांवर ठेवलेल्या काही डिझेल ट्रकांचा पेलोड अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघतो. इलेक्ट्रिक पिकअपची ओढण्याची ताकद चांगली असते, पण ट्रॅव्हल ट्रेलर मागे असताना त्याची रेंज साधारण निम्म्यावर येते, हे लक्षात घेऊन चार्जिंगचे थांबे ठरवावेत.

आमचे बहुतेक ग्राहक यूएस २८७ ने अमारिलोला आणि तेथून रटॉनमार्गे कोलोरॅडोला जातात. या वाटेवर पॅनहँडलमधील (टेक्ससच्या उत्तर टोकाच्या भागातील) आडवा वारा उंच, सपाट बाजूंच्या ट्रेलरची परीक्षा पाहतो. रटॉन खिंड ७,८३४ फुटांवर आहे आणि डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,००० फुटांवर. समुद्रसपाटीपासून दर १,००० फुटांमागे ट्रक आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा दोन टक्क्यांनी कमी धरावी, असे काही उत्पादकांच्या पुस्तिकांत सांगितलेले असते. चढापेक्षाही उतार महत्त्वाचा: टो-हॉल मोड (ओझे ओढताना वापरायचा गिअरबॉक्सचा पर्याय) चालू ठेवून, खालच्या गिअरमध्ये, उताराच्या आरंभीच वेग कमी करावा. टेक्ससमध्ये ४,५०० पाउंडांहून जास्त एकूण वजनाच्या ट्रेलरला ब्रेक असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून हलक्या ट्रेलरलाही ते असावेत, असे आमचे ठाम मत आहे.

हिशेब कागदावर जुळला, तरी खरे उत्तर वजनकाट्यावरच मिळते. महामार्गावरील अनेक ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात आणि ते पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांचे वजन वेगवेगळे छापून देतात. सर्व माणसे आणि सामान ट्रकमध्ये ठेवूनच वजने घ्यावीत: पहिले स्प्रिंग बार ताणून, दुसरे बार सैल करून आणि तिसरे ट्रेलर सोडून एकट्या ट्रकचे. दुसऱ्या वजनातील ट्रकच्या दोन्ही ॲक्सलांच्या बेरजेतून तिसरे वजन वजा केले की खरे टंग वेट कळते, आणि पहिल्या व तिसऱ्या वजनातील पुढच्या ॲक्सलचे आकडे ताडून पाहिले की हिच बरोबर बसली आहे की नाही ते समजते. या पावत्या आमच्याकडे आणल्यास बारचा ताण आणि बॉलची (ट्रेलर ज्यावर बसतो त्या गोळ्याची) उंची आम्ही विनामूल्य पुन्हा जुळवून देतो, मग हिच दुसरीकडून घेतलेली का असेना.

दारावरचा स्टिकर पाहिल्याशिवाय आम्ही हिच बसवत नाही, आणि मर्यादा ओलांडली जात असेल तर काम नाकारतो. यामुळे काही ग्राहक नाराज होऊन गेले आहेत. आम्ही ट्रकही विकत नाही आणि ट्रेलरही विकत नाही; त्यामुळे आपण मोठा ट्रक घ्यावा किंवा लहान ट्रेलर घ्यावा, यात आमचा आर्थिक लाभ नाही. आम्ही जोडलेला ट्रेलर ज्या रस्त्यावरून जाणार, त्यावर आपल्या कुटुंबाबरोबर इतरांचीही कुटुंबे असतात.

ट्रेलर पसंत करण्याआधी दारावरील दोन्ही लेबले (टायरचा स्टिकर आणि ॲक्सलच्या मर्यादांचे लेबल), रिसीव्हरवरचे लेबल आणि मनात असलेल्या ट्रेलरचे लेबल यांची स्पष्ट छायाचित्रे तसेच प्रवाशांची अंदाजे वजने आम्हाला पाठवावीत. हिशेब करून लेखी उत्तर देण्यासाठी आकारले जाणारे शुल्क हिच आमच्याकडून बसवून घेतल्यास बिलातून वजा केले जाते. हिच, वायरिंग आणि ब्रेक कंट्रोलर यांचे काम नीट करण्यास बहुतेक एक पूर्ण दिवस लागतो, म्हणून प्रवासाच्या किमान एक आठवडा आधीची, शक्यतो मंगळवार किंवा बुधवारची वेळ घ्यावी, आणि त्या दिवशी ट्रेलर सामानासह भरून आणावा.