बालीचं घर पाहताना : मुक्कामाला निघण्याआधी वाचावं असं माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार,

आपल्या बाली सहलीत उबुदजवळच्या तीन रात्री हॉटेलात नसतात, एका कुटुंबाच्या घरी असतात. पैसे भरल्यावर बहुतेकजण विचारतात, "खोलीला एसी आणि गरम पाणी आहे ना?" दोन्ही आहे. मग आम्ही फोटो पाठवतो आणि हमखास दुसरा प्रश्न येतो, "यातलं घर कुठलं?" हे पत्रक त्या प्रश्नासाठी लिहिलं आहे. विमानात वाचलंत तरी चालेल, पण वाचाच.

फोटोत पाच-सहा सुट्या, बुटक्या इमारती दिसतात. त्या सगळ्या मिळून एक घर. आपल्याकडे खोलीला खोली लागून घर होतं. बालीत झोपायची जागा ही एक इमारत, कार्याची दुसरी, पाहुण्यांची तिसरी, स्वयंपाकघर चौथी. भोवताली चारी बाजूंनी भिंत आणि मधोमध मोकळं अंगण. अंगणाला 'नातह' म्हणतात, आणि प्रत्येक इमारतीला 'बाले'. जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला चौक आठवेल. फरक इतकाच की वाड्यात चौकाभोवती सलग सोपे असतात, इथे प्रत्येक सोपा स्वतंत्र जोत्यावर उभा. त्यामुळे घर पाहायचं तर एखाद्या बालेसमोर थांबून फोटो काढण्याआधी अंगणाच्या मध्यावर जा आणि सावकाश चारी दिशांना वळून बघा. कोण कुठे बसलंय आणि कोणाचं जोतं किती उंच आहे हे बघितलंत की अर्धं घर कळलं.

रस्त्यावरून आत शिरायचं दार म्हणजे 'अंगकुल-अंगकुल'. अरुंद, दोन-चार पायऱ्या चढून जायचं, वर छोटंसं छप्पर. आत पाऊल टाकलं की समोर भिंत येते, 'आलिंग-आलिंग'. तिला वळसा घालूनच अंगणात जाता येतं. अनिष्ट शक्ती सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही, अशी तिथली श्रद्धा आहे. भिंतीचा दुसरा उपयोग तुम्हाला सकाळी दिसेल: दार सताड उघडं असूनही रस्त्यावरच्या माणसाला घरातलं काही दिसत नाही. पायऱ्यांच्या मधोमध सिमेंटची एक उतरती पट्टीही बऱ्याच ठिकाणी दिसेल. ती स्कूटर चढवायला. हौशी पर्यटक फोटोतून ती काढून टाकतात. आम्हाला ती आवडते, कारण त्या पट्टीवरूनच कळतं की या दारातून रोज कोणीतरी कामाला जातं.

आता दिशा. इथे जरा लक्ष द्या, कारण बालीच्या घराची किल्ली इथेच आहे.

आपण उत्तर-दक्षिण म्हणतो. बालीतला माणूस डोंगराकडे आणि समुद्राकडे म्हणतो. डोंगराकडची बाजू 'काजा', समुद्राकडची 'कलोद'. सूर्य उगवतो ती 'कांगिन', मावळतो ती 'काउह'. डोंगर म्हणजे मुख्यतः गुनुंग आगुंग, ३,००० मीटरहून उंच, आजही जागता ज्वालामुखी. डोंगराकडचं आणि उगवतीकडचं ते पवित्र, समुद्राकडचं आणि मावळतीकडचं ते खालचं. उबुदमध्ये डोंगर उत्तरेला आहे, त्यामुळे काजा म्हणजे उत्तर. पण आपण डॉल्फिन पाहायला लोविनाला जाऊ, तो बेटाचा उत्तर किनारा. तिथे डोंगर दक्षिणेला येतो, आणि काजा म्हणजे चक्क दक्षिण होते! म्हणून तिथली घरं पाहताना फोनमधलं होकायंत्र ठेवून द्या आणि डोंगर कुठे आहे ते विचारा.

आवाराचे मनातल्या मनात नऊ चौकोन करा, तीन गुणिले तीन. याला 'सांगा मंडला' म्हणतात, सांगा म्हणजे नऊ. मधला चौकोन अंगणाचा, तो मोकळाच राहतो. काजा आणि कांगिन जिथे मिळतात तो कोपरा सगळ्यांत पवित्र. उबुदमध्ये हा कोपरा ईशान्येला येतो आणि तिथे घराचं देवालय असतं, 'सांग्गाह' किंवा 'मराजान'. आपणही देवघर ईशान्येला ठेवतो, त्यामुळे इथे आपल्या लोकांचे चेहरे खुलतात. तिथे एक देव्हारा नसतो. भिंतीच्या आत छोट्या देवळ्यांचा समूहच असतो, आणि त्यात पूर्वजांची जागाही असते. त्यांच्या छपरांवर काळे, दाट केसांसारखे धागे दिसतील. ते एका ताडवर्गी झाडाचे तंतू, 'इजुक', आणि मान देवळांचा असल्यामुळे राहत्या घराच्या छपरावर ते घालत नाहीत.

डोंगराकडच्या अंगाला 'बाले दाजा', चारी बाजूंनी बंद असलेली झोपायची इमारत. पूर्वेला 'बाले दांगिन', बहुधा एक-दोन बाजूंनीच भिंत आणि बाकी उघडी. घरातली सगळी कार्यं तिथे होतात: लग्न, वयात आल्यावर पुढचे दात कानशीने घासून सपाट करण्याचा विधी, आणि माणूस गेल्यावर त्याला निजवतात तेही तिथेच. पश्चिमेला 'बाले दाउह', पाहुण्यांसाठी आणि मुलांना झोपायला. समुद्राकडच्या अंगाला स्वयंपाकघर, 'पाओन', आणि जवळच भाताचं कोठार, 'जिनेंग'. आपल्या वास्तुशास्त्रात अग्नी आग्नेयेला. बालीत दक्षिण दिशा ब्रह्मदेवाची आणि तोच अग्नीचा देव, म्हणून चूल तिकडे. वायव्य कोपऱ्यात एकटंच एक छोटं देऊळ दिसेल. तो त्या जागेचा राखणदार. कोकणातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते घराचं माप, आणि ते सांगितल्याशिवाय कोणाला दिसतही नाही. तिथल्या परंपरागत वास्तुकाराला 'उंदागी' म्हणतात. तो गवंडी-सुतारांचा प्रमुख असतो आणि विधीही जाणतो. त्याचे नियम ताडपत्राच्या पोथ्यांत आहेत, त्यांना 'अस्त कोसाला कोसाली' म्हणतात. उंदागी माप घेतो ते घरमालकाच्या अंगाचं. मालक दोन्ही हात पसरून उभा राहतो. एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत एक 'देपा'. आपल्या आजोबांच्या भाषेत एक वाव. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत 'अस्ता', म्हणजे आपला हात. वळलेली मूठ आणि वर उभा अंगठा, ती 'मुस्ती'. बांबूच्या पट्टीवर ही मापं खुणा करून घेतात आणि त्या पट्टीवर घर उभं राहतं. म्हणून शेजारशेजारची दोन आवारं तंतोतंत सारखी नसतात. उंच माणसाचं घर थोडं ऐसपैस, बुटक्याचं थोडं आटोपशीर. घर अंगाला बेतून शिवलेल्या कपड्यासारखं मालकाला बसतं.

भिंतीपासून बाले किती अंतरावर हवी, हे पावलं टाकून ठरतं. पावलाला पाऊल लावत मोजायचं आणि प्रत्येक पावलाला एक नाव घ्यायचं: श्री, इंद्र, गुरू, यम, रुद्र, ब्रह्मा, काल, उमा. आठ झाले की पुन्हा श्री. कोणत्या इमारतीसाठी मोजणी कोणत्या नावावर थांबवायची हे ठरलेलं असतं. आणि मोजून झाल्यावर आणखी थोडंसं माप वर घालतात, एका पावलाच्या रुंदीइतकं. त्याला 'उरिप' म्हणतात. उरिप म्हणजे जीव. नेमकं माप निर्जीव राहतं, वरचं थोडंसं घातलं की त्यात जीव येतो. आम्ही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दूध मोजून झाल्यावर गवळी वर घालतो ती धार आठवली.

घर झालं की 'मलास्पास' हा विधी होतो, आपल्या वास्तुशांतीसारखा. त्याशिवाय राहायला जात नाहीत. तोवर ती लाकूड, वीट आणि गवत यांची रास. विधीनंतर ते जिवंत घर. त्याला शरीरही आहे: छप्पर डोकं, खांब-भिंती धड, जोतं पाय. वाशांना तिथे 'इगा-इगा' म्हणतात, म्हणजे बरगड्या.

त्या बरगड्या जरूर पाहा. दुपारी ऊन चढलं की घरच्यांना विचारून एखाद्या उघड्या बालेच्या मंचावर आडवे व्हा आणि वर बघा. छपराखाली सीलिंग नसतं, त्यामुळे सगळं उघडं दिसतं. वासे चारी बाजूंनी वर जात एका जागी मिळतात, त्यावर शाकारलेलं 'आलांग-आलांग' गवत. खांबाकडे या. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडाच्या तळखड्यावर नुसता उभा असतो. तुळई खांबातून आरपार जाते आणि सांध्यात लाकडी पाचर ठोकलेली असते. जुन्या कामात खिळा शोधून सापडत नाही. भूकंपाच्या प्रदेशात हे शहाणपणाचं आहे: हादरा बसला की सांधा थोडा हलतो, तुटत नाही, सैल झाला तर पाचर पुन्हा ठोकायची. खांब उभा करताना झाडाचा मुळाकडचा भाग खालीच ठेवतात, झाड जसं वाढलं तसंच. फणसाचं लाकूड घराला फार मानाचं. बालेचं नावही खांबांच्या संख्येवरून पडतं: सहा खांबांची 'साकनम', बारांची 'साका रोरास'. आमच्या काकूंच्या एका गटाने सकाळभर गल्लीतल्या घरांचे खांब मोजले होते, आणि त्या एका सकाळीत त्यांना जेवढं कळलं तेवढं पन्नास फोटो काढून कळत नाही.

बाले दाजाच्या दाराशी जमिनीवर एखादा दगड आणि त्यावर फुलं दिसली तर पाय लांब ठेवा. मूल जन्मलं की त्याची वार धुऊन, नारळात ठेवून तिथे पुरतात. मुलगा असेल तर दाराच्या एका अंगाला, मुलगी असेल तर दुसऱ्या. त्या जागेला रोज नैवेद्य असतो. माणूस कुठेही गेला तरी नाळ घरात पुरलेली आहे, हे तिथे अक्षरशः खरं असतं.

सगळी घरं अशी राहिलेली नाहीत, हेही आधीच सांगून ठेवतो. भाऊ वाढले की अंगणात खोल्या येतात, गवताच्या जागी कौलं आणि पत्रे येतात, उंदागीऐवजी ठेकेदार येतो. तुमची स्वतःची खोलीसुद्धा अलीकडे पाहुण्यांसाठीच बांधलेली, सिमेंटची असेल. पण उबुदमध्ये तुम्हाला मनोरे दिसणार नाहीत. १९६६ मध्ये सानुरच्या किनाऱ्यावर दहा मजली हॉटेल उभं राहिलं. पुढे नारळाच्या झाडापेक्षा उंच काही बांधायचं नाही, म्हणजे १५ मीटरच्या वर नाही, असा नियम झाला. एक सकाळ आपण बांग्लीजवळच्या पेंगलिपुरान गावात जाऊ. तिथे फरसबंद मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी आहे, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं आणि त्यांवर बांबूच्या चिपांची छपरं. डोंगराकडच्या टोकाला गावाचं देऊळ, समुद्राकडच्या अंगाला स्मशान. घराचा नियम तोच गावाचा, हे तिथे एका नजरेत दिसतं.

राहण्याबद्दल थोडं. चप्पल बालेच्या जोत्याखाली काढा. सांग्गाहमध्ये बोलावल्याशिवाय जाऊ नका. बोलावलं तर कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, आणि पट्टा हवा, घरचे देतात. सुतक किंवा पाळी असेल तर तिथे आत जात नाहीत; तुमचं मत काहीही असो, त्यांच्या घरी त्यांचा नियम पाळा. जमिनीवर ठेवलेल्या फुलांच्या द्रोणाला, 'चानांग'ला, ओलांडू नका. सकाळी सहाच्या सुमारास घरातली बाई हे द्रोण घेऊन दारापासून चुलीपर्यंत फिरते, प्रत्येक ठिकाणी उदबत्ती, पाण्याचा शिंतोडा आणि हाताने हवा ढकलल्यासारखी एक हालचाल. त्या वेळी उठून बसा. घराचा नकाशा तिच्या मागोमाग उलगडतो.

ओले कपडे उंच बांधू नका, विशेषतः आतले. त्यांच्याखालून चालणं तिथे अशुभ मानतात. पहिल्या वर्षी माझ्या हातून टॉवेल आणि कपडे बाले दांगिनच्या दोरीवर वाळत घातले गेले. घरच्या आजी काही बोलल्या नाहीत. सगळं उचललं, घडी केली आणि माझ्या खोलीच्या पायरीवर ठेवलं. संध्याकाळी त्यांच्या नातवाने सांगितलं की दुसऱ्या दिवशी तिथे नातीचा विधी होता. त्यानंतर आम्ही प्रत्येक गटाला कपडे वाळवायची जागा आधी दाखवतो.

शेवटची गोष्ट उशीची. बालीत डोकं डोंगराकडे किंवा पूर्वेकडे करून झोपतात. उबुदमध्ये डोंगराकडे म्हणजे उत्तरेकडे, आणि आपल्याकडे बरेच जण उत्तरेला डोकं करत नाहीत. काही पाहुण्यांनी रात्री पलंग फिरवला आणि त्यांचे पाय देवालयाच्या दिशेला आले. घरच्यांना ते लागलं. पूर्वेकडे उशी दोघांनाही चालते. तशा खोल्या प्रत्येक घरात एक-दोनच असतात, म्हणून तुम्हाला ती हवी असेल तर निघण्याच्या पंधरा दिवस आधी आम्हाला कळवा.