एक चाक चिखलात, एक डांबरावर

इंदूरजवळच्या जानापावच्या डोंगरावरून उतरताना समोरून बस आली, म्हणून मी डावी बाजू रस्त्याखाली उतरवली. माळव्याची काळी माती कोरडी असली की तिला भेगा पडतात, भिजली की तिचा साबण होतो. परत वर यायला एक्सिलरेटर दाबला तर इंजिनाचा आवाज एकदम बसला, खालून करकर ऐकू आली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकू लागला: गाडीचं चित्र, खाली दोन नागमोडी रेघा.

"अहो, बंद करा, काहीतरी जळेल!"

जळत काहीच नव्हतं. हा दिवा लुकलुकतो तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल कामाला लागलेलं असतं. प्रत्येक चाकाशी एक सेन्सर त्याचा वेग मोजत असतो. इंजिनाने फिरवलेलं एखादं चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच जोरात फिरलं, तर ते घसरतंय हे संगणकाला कळतं. मग तो इंजिनाचा जोर कमी करतो आणि तेवढ्याच चाकाला ब्रेक लावतो.

अडकलेल्या गाडीला ब्रेक लावून काय होणार, असं मलाही वाटायचं. गोम डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडणीत आहे. ते दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं. डावं चाक चिखलात नुसतंच गरगरत असेल तर त्याला जोर लागतोच कुठे? मग डांबरावरच्या उजव्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य. डाव्याला ब्रेकने आवळलं की ते फिरवायला जोर लागतो, आणि तितकाच उजव्याला मिळतो. आमची गाडी तशीच वर आली. मात्र दोन्ही चाकं चिखलात रुतली असती तर हीच यंत्रणा इंजिनाचा जोर तोडत बसली असती. अशा वेळी ती बटण दाबून तात्पुरती बंद करतात.

सेन्सर मुळात एबीएसचे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे. 1978 मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. ट्रॅक्शन कंट्रोल नंतर त्याच पायावर उभं राहिलं. त्यामुळे एक सेन्सर गेला की बहुतेक वेळा एबीएसचा आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा असे दोन्ही दिवे एकदम लागतात, आणि लुकलुकत नाहीत, लागलेलेच राहतात.

आमचे चौथ्या दिवशी लागले. साधे ब्रेक चालू होते, म्हणून हळूहळू राजेंद्रनगरच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकने डावं चाक काढलं. आत काळ्या मातीचं ढेकूळ वाळून विटेसारखं झालेलं, आणि त्यात सेन्सरची वायर ताणून सोललेली.

"जानापाव गए थे क्या, बाउजी?" त्याने विचारलं.

वायर बदलून त्याने स्कॅनरने गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड पुसला. मी चावी फिरवली. दिवा दोन-तीन सेकंद लागला, जसा रोज लागतो, आणि विझला. ढेकूळ त्याने तोवर दाराबाहेरच्या तुळशीच्या कुंडीत टाकलं होतं.