शैली-व्यवस्थापन (मजकुराच्या नकलेतील)

शैली-व्यवस्थापन : वर्ड प्रोसेसरमधील एका दस्तऐवजातून दुसऱ्यात मजकूर नेताना त्याच्या शैलींचे, म्हणजे रोजच्या भाषेत स्टाइल्सचे, काय व्हावे हे ठरवण्याची पद्धत. शैली म्हणजे स्वरूपविषयक गुणधर्मांच्या संचाला दिलेले नाव. परिच्छेदाला ‘शीर्षक १’ ही शैली लावली की फॉन्ट, आकार, ओळींतील अंतर, कडेची मोकळी जागा हे सारे त्या नावामागील व्याख्येतून येते. परिच्छेद स्वतःजवळ केवळ नाव बाळगतो. व्याख्या दस्तऐवजाच्या शैलीसूचीत असते. पुढील बहुतेक अडचणी या फारकतीतूनच निघतात. मजकुराबरोबर नाव जाते, पण नव्या ठिकाणी त्याच नावाचा अर्थ निराळा असू शकतो.

उगम : मजकुराची भूमिका आणि त्याचे दृश्य रूप वेगळे ठेवण्याची कल्पना नेमकी कोठून आली, याविषयी एकमत नाही. एक परंपरा तिचे मूळ खूणभाषांमध्ये, म्हणजे मजकुरात त्याच्या भागांची भूमिका सांगणाऱ्या खुणा घालण्याच्या पद्धतींमध्ये (मार्कअप), शोधते. विल्यम टनिक्लिफ यांनी सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या शासकीय मुद्रणालयातील बैठकीत आशय आणि स्वरूप यांच्या विभाजनाची मांडणी केली, ती या परंपरेत आरंभबिंदू मानली जाते. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील ग्रंथरचनाकार स्टॅन्ली राइस यांनी संपादकीय रचनेच्या खुणांची सर्वसाधारण सूची सुचवली होती. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी १९६९ पासून जीएमएल ही खूणभाषा घडवली. तिच्या नावातील तीन अक्षरे या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही आहेत. १९८६ मध्ये प्रमाणित झालेली एसजीएमएल तिच्यातूनच पुढे आली. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीड यांनी रचलेली, १९८० च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय असलेली ‘स्क्राइब’ ही प्रणालीही याच वळणाची होती.

दुसरी परंपरा झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राकडे बोट दाखवते. तेथील ‘ब्राव्हो’ हा मजकूर-संपादनाचा प्रोग्राम (सुमारे १९७४) बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पडद्यावर दिसेल तसेच कागदावर, हा त्याचा विशेष. स्वरूप मात्र त्यात मुख्यतः थेट मजकुरालाच लावले जाई. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये ‘वर्ड’ बाजारात आला. डॉस या जुन्या कार्यप्रणालीवरील वर्डमध्ये शैलीसूची ही दस्तऐवजाला जोडलेली स्वतंत्र फाइल असे.

कल्पनेचे मूळ म्हणून पहिल्या परंपरेचा दावा जुना आहे. प्रस्तुत विषयापुरता मात्र दुसरा धागा अधिक उपयोगी वाटतो. व्याख्या बाहेरच्या सामाईक फाइलमध्ये असेपर्यंत, एकाच सूचीला जोडलेल्या दोन दस्तऐवजांत नावांचा झगडा होण्याचे कारणच नव्हते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्याख्या प्रत्येक दस्तऐवजाच्या पोटात साठवण्याची रीत पडत गेली आणि झगड्याला जागा मिळाली. १९८७ चे आरटीएफ हे देवाणघेवाणीचे स्वरूप पाहिले तर हे स्पष्ट होते. त्यात शैलींची सूची फाइलच्या आरंभीच दिलेली असते, आणि मजकुराबरोबर तीही प्रवास करते.

नकलेचा इतिहास तुलनेने सरळ आहे. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्समध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘जिप्सी’ या संपादन-प्रोग्रामसाठी कापणे-चिकटवणे ही क्रिया आजच्या रूपात बसवली. कात्री आणि खळ घेऊन हस्तलिखित जुळवण्याची संपादकांची जुनी सवय त्यामागे होती. ‘क्लिपबोर्ड’ (कापलेला वा नकललेला मजकूर तात्पुरता ठेवण्याची जागा) ही संज्ञा ॲपलच्या लिसा संगणकाबरोबर (१९८३) रूढ झाली. क्लिपबोर्डवर एकच मजकूर एकाच वेळी अनेक रूपांत ठेवला जातो : आरटीएफ, एचटीएमएल, निव्वळ मजकूर इत्यादी. त्यांतले कोणते घ्यायचे हे मजकूर स्वीकारणारा प्रोग्राम ठरवतो. म्हणून तोच परिच्छेद दोन ठिकाणी चिकटवला तर दोन तऱ्हांनी उतरतो.

नावांचा संघर्ष : मूळ दस्तऐवजातील शैली नव्या दस्तऐवजात नसेल तर तिची व्याख्याही मजकुरासोबत येते आणि तेथेच राहते. पुढे तो मजकूर खोडला तरी शैली सूचीत उरते. अनेक हातांतून गेलेल्या दस्तऐवजांच्या सूच्या अशाच फुगतात. त्याच नावाची शैली आधीपासून असेल, तर वर्ड आणि लिब्रेऑफिस रायटर या दोहोंचा सामान्य नियम असा की गंतव्य दस्तऐवजाची व्याख्या टिकते आणि आलेला मजकूर तिचे रूप घेतो. हा नियम योग्यच म्हणावा लागेल, कारण एका दस्तऐवजात एका नावाचा एकच अर्थ राहतो.

वर्डमध्ये याला पर्याय आहेत. मूळ रूप जपण्याचा पर्याय निवडला की दिसणे राखले जाते. पण संघर्ष असेल तेथे ते बहुधा थेट स्वरूपण म्हणून, म्हणजे शैलीला वगळून मजकुरालाच लावलेले रूप म्हणून, चिकटते. अशा परिच्छेदाला नंतर शैलीत केलेला बदल पोचत नाही. निव्वळ मजकूर घेण्याने सगळे धुऊन निघते. चित्रे गळतात आणि ग्रंथनामांची तिरपी अक्षरेही सरळ होतात. विद्वत्तापूर्ण लेखनात ही हानी मोठी आहे, कारण तेथे तिरपे अक्षर अर्थ वाहते. रूपे मिसळण्याचा पर्याय परिच्छेदाचे रूप गंतव्याकडून घेतो, ठळक आणि तिरपे मात्र बहुतांशी राखतो. लांब लेखनासाठी तो सर्वांत कमी हानिकारक ठरतो.

वर्डमध्ये परिच्छेदाचे स्वरूप परिच्छेदाच्या शेवटच्या, एरवी न दिसणाऱ्या चिन्हात साठवलेले असते. निवड करताना ते चिन्ह सुटले तर परिच्छेदशैली सहसा मागेच राहते. एकच मजकूर कधी रूपासह येतो, कधी रूपाविना, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

वारसा आणि साठवण : शैली क्वचितच स्वयंपूर्ण असते. ती दुसऱ्या शैलीवर आधारलेली असते आणि न सांगितलेले गुणधर्म तिच्याकडून घेते. म्हणून एखादी शैली जशीच्या तशी नेली तरी तिची आधारशैली, बहुधा ‘नॉर्मल’, नव्या ठिकाणी वेगळी असेल तर रूप पालटते. याहून चकवणारा प्रकार ठळकपणाचा. ऑफिस ओपन एक्सएमएल (एक्मा-३७६, २००६, आयएसओ/आयईसी २९५००, २००८) या वर्डच्या फाइलींच्या प्रमाणकात ठळक, तिरपे यांसारखे काही गुणधर्म शैलींच्या पातळीवर उलटपालट होणारे आहेत. परिच्छेदशैलीही ठळक आणि अक्षरशैलीही (परिच्छेदातील काही शब्दांपुरती लावलेली शैली) ठळक असेल, तर अक्षरे साधी दिसतात. साध्या परिच्छेदातला जोर दिलेला शब्द शीर्षकात चिकटवला की त्याचा जोर जातो, तो यामुळे. ओपनडॉक्युमेंट या रायटरच्या फाइलींच्या प्रमाणकात (आयएसओ/आयईसी २६३००, २००६) थेट स्वरूपणही आतल्या आत ‘स्वयंचलित शैली’ म्हणून साठवले जाते; वापरकर्त्याला मात्र ती शैलीसूचीत दिसत नाही.

लिपी : वर्ड लॅटिन, पूर्व आशियाई आणि जटिल लिपी यांच्यासाठी फॉन्टच्या स्वतंत्र जागा ठेवतो. देवनागरी जटिल लिपींत, म्हणजे अक्षरे जोडून वा क्रम बदलून दाखवाव्या लागणाऱ्या लिपींत, मोडते. तिचा आकार आणि ठळकपणाही वेगळे नोंदले जातात. म्हणून व्याख्येत लॅटिनचा आकार १२ आणि देवनागरीचा १० असणे शक्य आहे, आणि चिकटवलेल्या परिच्छेदातील मराठी तेवढी बारीक दिसते. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टांत टंकलेल्या मजकुराची गत याहून वाईट. त्यात अक्षराची ओळख फॉन्टवरच अवलंबून असते. गंतव्याच्या शैलीने फॉन्ट बदलला की वाचता येण्याजोगे काही उरत नाही, फक्त रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच नव्या दस्तऐवजात आणावा.

साधने : वर्डमधील ऑर्गनायझर हे साधन शैली एका दस्तऐवजातून किंवा साच्यातून (टेम्प्लेट) दुसऱ्यात नेते. रायटरमध्ये साच्यातून शैली भरून घेता येतात आणि समान नावांच्या शैलींवर नव्या व्याख्या चढवायच्या की नाही हेही ठरवता येते. व्याख्या आधी जुळवून घेऊन मजकूर नंतर आणणे हा क्रम उलट क्रमापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. चिकटलेले थेट स्वरूपण काढण्यासाठी वर्डमध्ये अक्षरांना कंट्रोल-स्पेस व परिच्छेदांना कंट्रोल-क्यू, रायटरमध्ये कंट्रोल-एम. गूगल डॉक्समध्ये ठरावीक नावांच्याच शैली असल्याने बाहेरून आलेल्या स्वतंत्र शैलीचे नाव तेथे टिकत नाही, रूप तेवढे उरते. क्रमांकित याद्यांची व्याख्या वर्ड शैलींपासून वेगळ्या भागात ठेवतो. त्यामुळे शैली जुळूनही क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होणे किंवा मागील यादीला जोडले जाणे संभवते, आणि ते हाताने तपासावे लागते.