विचारपूस झाली म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस) झाली का?

"न्हाणीत घसरले, सिस्टर." गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो, म्हापशाला असो की मडगावला, कॅज्युअल्टीत रात्रपाळी केलेल्या कुणालाही हे वाक्य पाठ असतं. न्हाणीत खरोखर घसरलेलं माणूस हात टेकतं. मग मनगट जातं, गुडघा फुटतो. समोर आलेल्या या बाईच्या मात्र डोळ्याखाली काळंनिळं झालेलं, आणि वळ कोपराखाली, करंगळीच्या बाजूला. मार चुकवायला हात आडवा धरला की तिथेच लागतो.

सिस्टर नवऱ्याला केस पेपर काढायला पिटाळते आणि हळूच विचारते, "घरात कोणी हात उचलतं का गे?" बाई एकदम आखडते. "पोलीस केस नको हां."

इथेच दोन गोष्टींची गल्लत होते: विचारपूस आणि एमएलसी.

विचारणं हा उपचाराचा भाग. साखर आहे का, प्रेशर आहे का, तसंच हेही. 'हिट्स' नावाची चार प्रश्नांची पद्धत आहे: मारतो का, अपमान करतो का, धमकावतो का, ओरडून शिव्या घालतो का. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 10 च्या वर गेली की धोका समजायचा. हे सरसकट सगळ्या बायकांना विचारावं का, यावर एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये सांगितलं की सरसकट नको, खुणा दिसल्या की विचारा. मला ते पटतं, पण खुणा ओळखणारा डोळा हवा, आणि गर्दीत तोच आधी थकतो. बाई "नाही" म्हणाली, तर विषय तिथेच थांबवायचा. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारायचं नाही, हे तर उघडच.

एमएलसी हा कायद्याचा कागद. ती करायची की नाही हे डॉक्टर जखम बघून ठरवतात. पेशंट "नको" म्हणाली म्हणून टळत नाही. जखम कुठे, केवढी, ताजी की जुनी, कशाने झाली असावी हे लिहितात आणि पोलिसांना कळवतात. पण एमएलसी म्हणजे एफआयआर नव्हे. पोलीस जबानीला आले तर काय सांगायचं, हे तिचं ती ठरवते.

या गल्लतीची किंमत बाईच मोजते. भीतीपोटी "घसरले" म्हटलं की केस पेपरवर तेच उतरतं, आणि वर्षभराने ती कोर्टात गेली की समोरचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. "नवऱ्याने काठीने मारलं" हे तिच्या शब्दांत लिहिलेलं असेल, तर तोच कागद तिच्या बाजूने बोलतो.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आणि त्याच्या नियमांत एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. आधी कुठे तक्रार केली नाही, म्हणून इस्पितळाला उपचार नाकारता येत नाहीत. तपासणीच्या अहवालाची प्रतही तिला फुकट द्यावी लागते. ती मागून घ्यावी, आणि माहेरी किंवा शेजारणीकडे ठेवावी.